कोणती इंग्रजी कादंबरी वाचावी? पुण्यातला एक जुना वाद

इंग्रजीतल्या अभिजात कादंबऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या वाचाव्यात, असं मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. विचारणारे बहुधा तरुण असतात आणि मराठी माध्यमातून शिकलेले असतात. नोकरीपुरतं इंग्रजी त्यांना उत्तम येतं. त्यांच्याजवळ कुठून तरी मिळालेली शंभर पुस्तकांची यादी असते. यादी पाहून दडपण येतं, म्हणून ते ‘यातल्या खरंच वाचण्यासारख्या किती?’ असं विचारतात.

उत्तर द्यायला बसलं की मला दर वेळी मागे जावं लागतं. हा प्रश्न पुण्यात दीडशे वर्षं विचारला जातो आहे आणि तो कधीच नुसता आवडीनिवडीचा नव्हता. इथल्या वाचकांनी कोणत्या इंग्रजी कादंबऱ्या हातात घेतल्या, यावरून मराठी कादंबरीची चाल ठरली. त्या वाचनात कोण होतं आणि कोण नव्हतं, यावरून तिच्यात काय आलं आणि काय राहून गेलं, तेही ठरलं. म्हणून आधी तो जुना वाद सांगते आणि मग माझी यादी.

कादंबरीच्या आधी

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, पुण्यात सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच रूपांतर होत होत १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झालं. दरम्यान १८४८ मध्ये पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. म्हणजे इंग्रजी पुस्तकं दोन वाटांनी शहरात शिरत होती. एक वाट अभ्यासक्रमाची आणि दुसरी ग्रंथालयाच्या कपाटाची. या दोन वाटांवर मिळणारी पुस्तकं वेगळी होती, हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

तिसरी वाट मिशनऱ्यांची. जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चं हरि केशवजींनी केलेलं भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये आलं. ती काटेकोरपणे कादंबरी नव्हे, पण एक माणूस घराबाहेर पडतो, वाटेत त्याला नाना तऱ्हेची माणसं भेटतात आणि प्रवासाअखेर तो बदललेला असतो, हा साचा तिने मराठी वाचकापुढे ठेवला. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आलं. त्यात यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते, विधवांचे हाल पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. प्रवासातून दुःखाची ओळख होण्याचा घाट तोच आहे, पण त्यात भरलेला मजकूर पूर्णपणे इथला आहे. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान तिला दिला जातो तो याचसाठी.

कॉलेजच्या वाटेने आलेली पहिली मोठी गद्यकथा डॉ. जॉन्सनची ‘रासेलस’, मूळ १७५९ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचं भाषांतर सुरू केलं आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुरं केलं. ॲबिसिनियाचा एक राजपुत्र सुखाच्या खोऱ्यातून बाहेर पडतो आणि खरं सुख कुठे आहे ते शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. घटना कमी आणि उपदेशपर संवाद जास्त. विष्णुशास्त्र्यांनी पुढे निबंधमालेत जॉन्सनवर प्रदीर्घ लेखन केलं. त्या पिढीच्या शास्त्रीपंडितांना जॉन्सन जवळचा वाटला यात नवल नाही. भारदस्त भाषा, कोशकाराची शिस्त आणि प्रत्येक अनुभवाचं सूत्र करण्याची हौस, हे सगळं त्यांना घरचंच होतं.

सामान्य मराठी वाचकाला मात्र गोष्ट हवी होती. ती त्याला कृष्णशास्त्र्यांनीच पुढाकार घेऊन मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टींतून मिळाली. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांच्या ‘मुक्तामाला’त (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’त (१८६८) राजपुत्र, राजकन्या, कारस्थानं आणि योगायोग आहेत. ‘कादंबरी’ हा शब्दच मुळी बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. सातव्या शतकातल्या एका संस्कृत कथेचं शीर्षक आपण एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकलं, यावरून त्या काळी कादंबरीकडून काय अपेक्षित होतं ते कळतं.

रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत या अद्भुताची बाजू मांडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडची लग्नं आईबाप लहानपणीच उरकतात, आयुष्य आखून दिलेल्या रेषेवरून जातं, त्यात रसभरित असं काही घडतच नाही. मग रोजच्या जगण्यावर कादंबरी लिहायची तरी कशी? मराठी कादंबरीच्या इतिहासातला हा मला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. इंग्रजी कादंबरीचा सारा डोलारा प्रियाराधन, लग्नाचा निर्णय आणि वारशाचा पैसा यांवर उभा. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी मुला-मुलींच्या हातातच नव्हत्या. रिसबुडांनंतर वीस-पंचवीस वर्षांनी पुण्यातल्याच एका तरुणाने या प्रश्नाला उत्तर दिलं. ते उत्तर त्याला ज्या पुस्तकांच्या वाटेने सापडलं, त्यांतलं एक कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

रेनॉल्ड्स नावाचा माणूस

आज इंग्रजी साहित्याच्या पदवीधरालाही जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स हे नाव माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हिंदुस्थानात त्याच्याइतका वाचला गेलेला इंग्रजी कादंबरीकार क्वचितच असेल. प्रिया जोशी यांनी ‘इन अनदर कंट्री’ (२००२) या ग्रंथात त्या काळच्या हिंदुस्थानी ग्रंथालयांच्या याद्या तपासल्या आहेत. तिथे रेनॉल्ड्स ठळकपणे भेटतो.

हा १८१४ मध्ये केंट परगण्यात जन्मला आणि १८७९ मध्ये वारला. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ गाजली तेव्हा याने परवानगी वगैरे न घेता ‘पिकविक ॲब्रॉड’ लिहून पिकविकसाहेबांना फ्रान्सला पाठवलं. डिकन्सचं याच्याशी कधी जमलं नाही यात आश्चर्य नाही. फ्रान्समध्ये युजेन स्यूची पॅरिसची रहस्यं गाजत असताना याने १८४४ पासून ‘मिस्ट्रीज ऑफ लंडन’ सुरू केली. दर आठवड्याला एक पेनी किमतीचा अंक, पहिल्या पानावर चित्र आणि शेवटी श्वास रोखून धरायला लावणारा प्रसंग. उमराव जुगारी, पाद्री लंपट, सावकार खुनी. गरिबाघरची मुलगी फसवली जाते आणि मधेच दोन पानं लेखक वाचकाला इंग्लंडमध्ये मजुराला किती पगार मिळतो आणि राजघराण्यावर किती खर्च होतो ते सुनावतो. रेनॉल्ड्स चार्टिस्ट चळवळीतला होता. १८४८ मध्ये ट्रॅफल्गार चौकात त्याने भाषण केलं होतं आणि पुढे स्वतःचं साप्ताहिक वृत्तपत्र काढलं.

तो इथे इतका का वाचला गेला? इंग्रजी सोपं, गोष्ट वेगवान आणि प्रती स्वस्त, ही कारणं आहेतच. मला आणखी एक कारण महत्त्वाचं वाटतं. डेक्कन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं जाई ते नीतीचं आणि संस्कृतीचं भांडार म्हणून. वर्गात जॉन्सनचा साहेब भेटे आणि कचेरीत गोरा कलेक्टर. रेनॉल्ड्सच्या पानांत त्याच साहेबाच्या घरातला उकिरडा दिसत होता. ज्यांनी आपल्याला नीती शिकवायची त्यांच्याच राजधानीत हे चालतं, हे कळण्यात गुलाम देशातल्या वाचकाला केवढं समाधान मिळत असेल! पांढरपेशा तरुण त्याला रात्री जागून वाचत आणि दिवसा नावं ठेवत, ते उगाच नव्हे.

१८८५ : हरिभाऊ

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण पुण्यात. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले तेव्हा या मुलाने ‘शिष्यजनविलाप’ लिहिला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं तेव्हा त्यावर लांबलचक टीका लिहून त्याने विद्वानांना चकित केलं. कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी राहून गेली ती राहिलीच. इंग्रजी कादंबऱ्यांचं वाचन मात्र अफाट होतं. त्यात स्कॉट आणि डिकन्स होते, तसा रेनॉल्ड्सही होता.

‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे एकवीस वर्षांचे होते. ती रेनॉल्ड्सच्या लंडनरहस्यांवरून बेतलेली आहे. आधाराचं पुस्तक कनिष्ठ, म्हणून समीक्षक या कादंबरीवरून भरकन पुढे जातात. मला तिथे थांबावंसं वाटतं. शहराच्या सभ्य दर्शनी भागामागे काय चाललं आहे ते आठवड्या-आठवड्याला उघडं करायचं, ही रेनॉल्ड्सची मूळ कल्पना. हरिभाऊंनी लंडन काढून तिथे पुणं ठेवलं. उमरावांच्या जागी अर्धवट सुधारलेले, जुनं सुटलेले आणि नवं न पचलेले शिकलेले तरुण आले. शीर्षकातली ‘मधली’ स्थिती ती हीच. रेनॉल्ड्समुळे हरिभाऊंना जे कळलं ते जॉन्सन वाचून कळलं नसतं. आपल्याच गल्लीतल्या बंद दारांमागे कादंबरी घडते आहे, हे त्यांना कळलं. रिसबुडांना जिथे काहीच घडताना दिसत नव्हतं, तिथेच.

त्यानंतरची मजल फार मोठी आहे. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि जवळजवळ सत्तावीस वर्षं चालवलं. त्याच सुमारास ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येत होती. यमू नावाची ब्राह्मण घरातली मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकिगत सांगते. माहेर, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने झालेलं केशवपन. आखून दिलेल्या रेषेवरून जाणारं आयुष्य आतून सांगितलं की किती भयंकर असतं, ते इथे दिसतं. रिसबुडांच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. आपल्या बायकांच्या आयुष्यात घटना नाहीत असं वाटत होतं, कारण त्या आयुष्याची हकिगत त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. ज्या काळात रखमाबाईंचा खटला गाजला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, त्याच काळात हे लिहिलं जात होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हरिभाऊ ऐकायला कुठे शिकले, याचंही एक उत्तर पुण्यातच आहे. काशीबाई कानिटकर या त्यांच्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने आणि घरच्यांचा डोळा चुकवून त्या शिकल्या. पती गोविंद वासुदेव कानिटकर हे कवी आणि इंग्रजी काव्याचे चाहते. कानिटकर दांपत्य आणि हरिभाऊ यांची वाङ्मयीन मैत्री आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. काशीबाईंनी ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं. बरोबरीने वाचणारी, मत देणारी आणि स्वतः लिहिणारी बाई समोर असल्यावर यमूचा आवाज कानाला लागणं सोपं झालं असणार, असं मला वाटतं.

स्कॉटचा उपयोग हरिभाऊंनी दुसऱ्या दालनात केला. ‘वेव्हर्ली’त (१८१४) सरकारशी निष्ठा ठेवणाऱ्या घराशी बांधलेला एक तरुण बंडखोरांकडे ओढला जातो आणि मोठी ऐतिहासिक माणसं मागच्या बाजूला वावरतात. ‘उषःकाल’मधला रंगराव आप्पा विजापूरशी एकनिष्ठ किल्लेदार आहे आणि त्याचा मुलगा नानासाहेब शिवाजीमहाराजांकडे ओढला जातो. घाट ओळखू येतो, पण ताण वेगळा आहे. स्कॉटचं बंड हरलेलं आहे. तो ज्या स्कॉटलंडबद्दल लिहितो तो मावळला आहे, म्हणून त्याच्या लिखाणात हळहळ आहे. हरिभाऊंनी लिहिलेलं बंड जिंकणारं आहे आणि ते पारतंत्र्यात वाचलं जात होतं. कादंबरीचं नावच पाहा, उजाडतंय.

यात एक गंमतीची परतफेडही आहे. निजामाच्या चाकरीत आयुष्य घालवलेल्या मेडोज टेलरने ‘टिपू सुलतान’ ही कादंबरी १८४० मध्ये इंग्रजीत लिहिली. तिच्यावरून हरिभाऊंनी ‘म्हैसूरचा वाघ’ रचली. इथला इतिहास इंग्रजीत जाऊन, कादंबरीचा पोशाख करून पुन्हा मराठीत आला.

राजवाडे कोरडे ओढतात

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. त्याआधी त्यांनी पुण्यात ‘भाषांतर’ नावाचं मासिक चालवलं होतं आणि त्यात प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं होतं. परभाषेतलं काय घ्यावं आणि काय टाकावं, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. निबंधात त्यांनी अद्भुत आणि वास्तव असे कादंबरीचे भेद करून मराठी कादंबरीचा हिशेब मांडला. युरोपात ह्यूगो, झोला, टॉल्स्टॉय यांच्यासारखे लेखक असताना आमचे लोक रेनॉल्ड्ससारख्या हलक्या लेखकाच्या मागे लागले, ही त्यांची तक्रार होती.

राजवाड्यांचा राग समजतो. इंग्रजी ही आपली एकुलती एक खिडकी झाली आणि त्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच आपण युरोप समजलो, हे त्यांनी ओळखलं. आजही हे तितकंच खरं आहे. ‘अभिजात’च्या याद्या आपण लंडन-न्यूयॉर्कहून घेतो आणि शेजारच्या कन्नडमध्ये काय लिहिलं गेलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

तरी त्यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत नाही. थोर लेखकाचं अनुकरण केलं की थोर लेखन होतं, असं कुठे दिसत नाही. स्कॉटचं अनुकरण करून आपल्याकडे बेसुमार ठोकळेबाज ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या. रेनॉल्ड्सवरून सुरुवात करून हरिभाऊ यमूपर्यंत पोचले. हलक्या पुस्तकातली एक जिवंत कल्पना उचलून आपल्या घराला लावता येते. थोर पुस्तकाच्या नुसत्या दबावाखाली माणूस मुकाही होतो. वाचायचं काय यापेक्षा वाचलेलं कुठे नेऊन लावायचं, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

सभेला न गेलेला माणूस

‘मधली स्थिती’चं साल १८८५. त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानडे तिच्या पुढाकारात होते. जोतीराव फुल्यांना बोलावणं गेलं होतं. ते आले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं आणि ते ‘ज्ञानोदया’त छापून आलं. जे लोक सगळ्या माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

फुल्यांच्या घडणीतलं इंग्रजी पुस्तक म्हणजे टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’. कादंबरी त्यांनी लिहिली नाही, पण ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या घराचं, अंगावरच्या कपड्यांचं आणि कर्जाचं जे वर्णन आहे, तसं त्या काळच्या मराठी कादंबरीत मला कुठे सापडत नाही. गुरुवार, शुक्रवार, सदाशिव पेठांमध्ये मैलभराचंही अंतर नाही. तरी एका बाजूला स्कॉट आणि रेनॉल्ड्स यांची तुलना चालली होती आणि दुसऱ्या बाजूचं जगणं त्या चर्चेत नव्हतंच. सत्यशोधक नजरेने लिहिलेली कादंबरी यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तीही पुण्यात आली नाही, नगर जिल्ह्यातल्या तरवडीहून ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांकडून आली.

हे सांगण्याचं कारण असं, की ‘वाचण्यासारखी’ हा शब्द कुणासाठी, हे विचारल्याशिवाय वापरता येत नाही. फुल्यांचं पत्र मला प्रत्येक यादीच्या शेजारी टाचून ठेवावंसं वाटतं, माझ्या यादीच्याही.

तर मग माझी यादी

या सगळ्या इतिहासातून मी एकच कसोटी घेते. पुस्तक मिटल्यावर आपलं घर, आपली गल्ली वेगळी दिसू लागली पाहिजे. तशा सहा कादंबऱ्या मी सुचवते.

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) प्रेमकथा म्हणून विकली जाते. मराठी वाचकाने ती स्थळं बघण्याची कादंबरी म्हणून वाचावी. पाच मुली, मुलगा नाही, इस्टेट दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, आणि आईला रात्रंदिवस एकच घोर. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी त्या असह्य कॉलिन्सला होकार देते आणि का ते शांतपणे सांगते. त्या पानांवर जो थांबला नाही त्याने कादंबरी वाचली नाही, असं मी म्हणेन. शेजारी देवलांची ‘शारदा’ (१८९९) ठेवा, दोन्ही उजळतात.

थॅकरे कलकत्त्यात जन्मला. त्याच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधला (१८४७-४८) जोस सेडली हा कंपनीच्या राज्यातला कलेक्टर. इथे ज्याच्या पुढे लोक वाकत असतील तो मायदेशी किती भित्रा आणि खादाड दिसतो ते पाहण्यासारखं आहे. रेनॉल्ड्समध्ये आपल्या पणजोबांना जी मजा येत असेल ती इथे अधिक चांगल्या हातून मिळते.

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ (१८४७) आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ एकापाठोपाठ वाचाव्यात. दोन्हीकडे एक मुलगी ‘मी’ म्हणून बोलते. जेन दार उघडून निघून जाऊ शकते, यमू नाही. हा फरक दोघींच्या हिमतीत शोधू नका. आणि जेनच्या सुखाच्या आड, माडीवर कोंडलेली जमैकाची एक बायको आहे, तिला तोंड उघडू दिलेलं नाही, हेही विसरू नका.

डिकन्सची एकच वाचायची तर ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३). जार्नडाइसचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि शेवटी इस्टेट कोर्टखर्चातच संपते. भाऊबंदकीत अडकलेले, भाडेकरू आणि मालक दोघांनी टेकू देऊन उभे ठेवलेले पेठांमधले वाडे ज्याने पाहिलेत, त्याला या कादंबरीची प्रस्तावना वाचायची गरज नाही. जाड आहे खरी, पण मुळात ती महिन्याला एक भाग अशी वीस भागांत आली होती. तशीच, थोडी थोडी वाचावी. ‘करमणूक’च्या वाचकांनी अशाच वाचल्या.

जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) तर पुण्यासाठीच लिहिली आहे की काय असं वाटतं. डोरोथिया नावाची बुद्धिमान मुलगी एका वयस्क पंडिताशी लग्न करते, कारण त्याच्या महान संशोधनात आपल्याला हातभार लावता येईल अशी तिची आशा असते. पंडितजी टिपणं काढत राहतात, ग्रंथ काही होत नाही. आपल्या शहराला संशोधनाचा मान आहे आणि चिकाटीचाही. डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प १९४८ पासून चालू आहे आणि त्याचे खंड निघत आहेत. पण प्रत्येक टिपणाच्या पेटीमागे कोश नसतो, आणि त्या पेटीला चहा आणून देणारी एक डोरोथिया घरोघर होती. सुधारक नवऱ्यांनी शिकवलेल्या, आणि मग त्या शिक्षणाचं काय करायचं असा प्रश्न पडलेल्या आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या बायका आठवत ही कादंबरी वाचावी.

शेवटची टॉमस हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५). पाथरवटाचं काम करणारा ज्यूड स्वतः लॅटिन-ग्रीक शिकतो आणि विद्यापीठाच्या भिंती दुरुस्त करतो. त्या भिंतींच्या आत त्याला घेत नाहीत. ही कादंबरी निघाली तेव्हा फुले जाऊन पाच वर्षं झाली होती. पुण्यात बसून तिच्यातली भिंत ओळखायला कुणाची मदत लागू नये.

आता वगळलेल्यांबद्दल. स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ शाळकरी वयात वाचली नसेल तर आता सोडून दिली तरी चालेल, त्याऐवजी ‘वेव्हर्ली’ पाहा. ‘रासेलस’ छोटी आहे. आपल्या शास्त्र्यांना तिच्यात काय दिसलं या कुतूहलापोटी एका बैठकीत वाचता येते. मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) मिळाली तर जरूर वाचा. खुनी माणूस आपली हकिगत इतक्या सौजन्याने सांगतो की वाचणारा नकळत त्याच्या बाजूचा होतो. आणि रेनॉल्ड्सची शंभर पानं चाळाच. तो आता इंटरनेटवर फुकट मिळतो. शंभराच्या पुढे जावंसं वाटलं, तर लाजू नका.

अप्पा बळवंत चौकाजवळ आनंदाश्रम ही संस्था आहे. हरिभाऊंचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी ती १८८८ मध्ये स्थापली. संस्कृत पोथ्यांचं जतन आणि प्रकाशन हे तिचं काम, आणि हरिभाऊ ते काम पाहत तिथेच राहत. म्हणजे मराठी सामाजिक कादंबरी ज्या हातांनी घडली ते हात दिवसा पोथ्यांची मुद्रितं पाहत होते आणि रात्री लंडनच्या गल्ल्यांतून पुण्याच्या गल्ल्यांकडे वळत होते. आज त्या चौकात गाइडं आणि स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घ्यायला राज्यभरातून मुलं येतात. यादी मागणाऱ्यांत त्यांच्यातलेही असतात. त्यांतलं कुणी उद्या हार्डी वाचून आपल्या तालुक्यातल्या भिंतीबद्दल लिहील, आणि ते लिखाण या यादीतल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मला आधी वाचावंसं वाटेल.